अंगठ्याखालचे बटण

विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईकडे पाहत बसायला मला फार आवडते. गुडघा मुडपून तिने विळीचा पाट पायाखाली दाबून धरलेला असतो आणि दोन्ही हात मोकळे असतात. सुरी घेणाऱ्याचा एक हात सुरीतच गुंतून पडतो. विळीवालीने हत्यार सांभाळण्याचे काम पायाकडे सोपवलेले असते, म्हणून मेथीची अख्खी जुडी ती दोन हातांनी पात्यावर लोटू शकते. ज्या कुणी पहिली विळी घडवली तिने, आणि ती बाईच असली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पात्याला धार लावण्याआधी हाच विचार केला असेल की हातावरचा कोणता भार पायाला देता येईल.

पेटीचेही तसेच. बैठकीतल्या पेटीला एक हात भात्यावर ठेवावा लागतो. स्वरांच्या वाट्याला एकच हात येतो. संगीत नाटकांत ऑर्गन आला तो पायाने भाता चालवायचा, आणि वाजवणाऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर फिरू लागले. आणि कात्री! डावखुऱ्या माणसाने साधी कात्री डाव्या हातात घेऊन कागद कापून पाहावा. कागद कापला जाण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडतो. कात्री घडवणाऱ्याने उजव्या हाताचा दाब गृहीत धरलेला असतो. प्रत्येक अवजारात असा एक न दिसणारा माणूस बसलेला असतो. त्याला हात किती, त्यांतला चालता कोणता, बोटे किती लांब, हे सगळे आधीच ठरलेले असते. नांदेडला पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले त्याचा परिणाम म्हणा किंवा निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ म्हणा, कोणतीही वस्तू पाहिली की तिच्यातला हा माणूस हुडकायचा मला नादच आहे.

या नादापायी मी व्हिडिओ गेमच्या यंत्रापर्यंत जाऊन पोहोचलो. दिवाळी अंकात हा विषय पाहून वाचकांनी दचकू नये. आमच्या बहिणीच्या घरी दिवाळीचा आणि या यंत्राचा संबंध फराळाइतकाच जवळचा आहे.

माझी धाकटी बहीण लातूरला दिलेली. तिच्या थोरल्या दिरांनी १९९२ साली गंजगोलाईपासून जवळच एका गल्लीत व्हिडिओ गेमची खोली काढली होती. लातूरची गोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मध्ये अंबाबाईचे देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्या गोलाला चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. बाजारला आलेल्या बापाचे बोट सोडून पोरगे पळाले तर ते सोळांपैकी कोणत्या रस्त्याने गेले हे सांगणे अवघड. पण त्या काळात बाप थेट या खोलीवर येत, असे थोरले दीर हसत हसत सांगतात. रुपयाला एक डाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी दिवस लोक घरात निजायला धजत नव्हते, तिथे बंद अंधाऱ्या खोलीत खेळायला कोण येणार? पुढे खोली पुन्हा उघडली, चांगली चाललीही. मग टीव्हीला जोडायचे खेळ घरोघर आले, मग मोबाईल आले, आणि खोलीला कुलूप लागले. पाच यंत्रांपैकी चार भंगारात गेली. पाचवे बहिणीच्या घरी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभे आहे. वसुबारसेला त्याच्यावरचे बारदान काढायचे आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचे, असा त्या घरचा शिरस्ता आहे. आतला मूळ बोर्ड केव्हाच गेला. आमच्या दाजींनी त्या जागी जुने जुने पुष्कळ खेळ एकत्र भरलेला नवा बोर्ड बसवून घेतला आहे.

यंत्र म्हणजे पुरुषभर उंचीचे लाकडी कपाट. छातीच्या उंचीवर कललेली फळी. तिच्यावर डावीकडे लाल गोळ्याचे हँडल आणि उजवीकडे बटणे. इंग्रजीत ज्याला जॉयस्टिक म्हणतात त्याला आमच्याकडची मुले हँडलच म्हणत, आणि तोच शब्द मला बरा वाटतो. डाव्या हाताने हँडल हलवून आपले विमान फिरवायचे आणि उजव्या हाताने बटण दाबून गोळी सोडायची. म्हणजे डावा हात श्रीकृष्ण आणि उजवा हात अर्जुन. या यंत्राच्या कर्त्याने मनात धरलेल्या माणसाला रथ हाकायला एक आणि बाण मारायला एक, असे दोन हात होते.

माझ्या भाच्याला एकच आहे.

२०१९ च्या सुगीत, तो अकरा वर्षांचा असताना, मळणी यंत्रात ओले काड अडकले आणि ते ओढायला त्याचा उजवा हात गेला. मनगटाच्या वर चार बोटांपर्यंतच तो हात आता आहे. याहून अधिक मी लिहीत नाही. आमच्या भागात ज्याच्या घरी शेती आहे त्याला अधिक सांगायची गरज पडत नाही. एका शिबिरात त्याला कृत्रिम हात मिळाला. तो खुंटीवर असतो आणि लग्नकार्यात फोटोपुरता खाली उतरतो. डाव्या हाताने लिहायला त्याने पाच महिन्यांत शिकून घेतले. पुढे शाळेने परीक्षेसाठी लेखनिक घेण्याची मुभा आहे असे सांगितले, तेव्हा त्याने ‘माझे उत्तर दुसऱ्याच्या अक्षरात नको’ म्हणून ती नाकारली. पोरगे मानी आहे. आईवर गेले आहे.

आता दिवाळीत घरभर मुले जमणार, यंत्रावरचे बारदान निघणार, आणि हा काय करणार? घराने यावर मायेचा तोडगा काढला होता. पॅक-मॅन नावाचा खेळ आहे, जपानच्या नामको कंपनीने १९८० साली काढलेला. एक पिवळे तोंड चक्रव्यूहातून दाणे खात धावते, मागे चार भुते. त्याला बटणच लागत नाही, नुसते हँडल. तेव्हा पॅक-मॅन हा भाच्याचा खेळ असे ठरून गेले. इतर मुले दुसरे खेळ खेळत, आणि मधूनच कुणीतरी म्हणे, ‘आता त्याचा लावा रे!’ की ते पिवळे तोंड पडद्यावर येई. तीन दिवाळ्या त्याने ते गुपचूप सहन केले. मायेने केलेली असली तरी वाटणी ती वाटणीच. भावांच्या भांडणात पाणथळ वावर एकाला आणि माळ दुसऱ्याला जातो तेव्हाही वाटणी करणारा वडीलधारा म्हणतोच ना, की तुझ्या सोयीचे तेच दिले!

त्याला खेळायचा होता तो गॅलागा. हाही नामकोचाच, पुढच्या वर्षीचा, १९८१ चा. खाली आपले छोटे विमान, ते फक्त डावीउजवीकडे सरकते. वर किड्यांची पलटण झुलत असते आणि तिच्यातले एकेक किडे गिरकी घेत अंगावर येतात. बटण एकच. मी स्वतः खेळून पाहिला तेव्हा पहिल्या पलटणीपुढे गेलो नाही. पण त्या गिरक्या पाहण्यात मौज आहे हे खरे. भाच्याने डाव्या हाताने हँडल सोडून बटण, बटण सोडून हँडल असे करून पाहिले. दोहोंत वीतभर अंतर. गोळी मारायला जावे तर विमान उभेच राही, आणि उभे विमान म्हणजे मेलेले विमान. मग त्याची चुलत बहीण बटणावर बसली. तो हँडल फिरवी, ती गोळ्या मारी. पाहणाऱ्यांना हे दृश्य फार गोड वाटले. कुणी फोटोही काढला. २०२२ च्या भाऊबीजेला रात्री गच्चीवर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “मामा, गोळी तिच्या मनानं सुटायली. माझ्या नाही.”

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तोच पुढे म्हणाला, “आणि दादा माझ्यासंगं मुद्दाम हरायलाय. तेवढं त्याला सांगा. हरवायचं तर नीट हरव म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या गाडीत बसलो तो हेच डोक्यात घेऊन. चाकूर गेले, अहमदपूर गेले, लोहा आले. खिडकीशी बसून मी एकच हिशेब करत होतो, विळीवालीचा. उजव्या हाताचे काम कुणाला द्यायचे? पायाला देता आले असते. शिवणयंत्रासारखा एक पायटा करून त्यात बटण बसवणे सर्वांत सोपे. पण मुले त्या यंत्रापुढे दाटीवाटीने उभी राहतात. त्या गर्दीत पायाखालचे बटण पहिल्या डावातच चेंगरले असते. राहिला डावा हातच. आता हँडल धरलेल्या हाताकडे नीट पाहा. चार बोटे आणि तळवा कामात असतो. अंगठा मात्र गोळ्यावर नुसता पहुडलेला असतो.

या विचाराचा मान माझ्याकडे येत नाही, हे सांगून टाकतो. जॉयस्टिक हा शब्द मुळात वैमानिकांचा, आणि लढाऊ विमानांनी ही अडचण फार पूर्वी सोडवली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या दांड्यावर तोफा सुरू करण्याचे बटण अंगठ्याखालीच असे. आकाशात एका हाताला इंजिनाकडेही पाहायचे असते, तेव्हा रथ आणि बाण दोन्ही एकाच मुठीत आणावे लागले. खेळांच्या यंत्रांतही अटारी कंपनीने १९८० साली बॅटलझोन नावाचा रणगाड्यांचा खेळ काढला. त्याला दोन हँडले होती आणि उजव्या हँडलच्या माथ्यावर गोळीचे बटण होते. म्हणजे कल्पना जुनी, केलेली, पारखलेली. लातुरात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी तेवढी ती पोहोचली नव्हती.

मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंगांसाठी खेळाचा एक खास नियंत्रक काढला. त्याला हवी तशी बटणे, पायटे, कांड्या बाहेरून जोडता येतात. वस्तू खरोखर चांगली आहे. परंतु ती त्यांच्या स्वतःच्या खेळयंत्रासाठी आणि संगणकासाठी आहे. आणि मुख्य म्हणजे भाच्याला वेगळे यंत्र नकोच होते. त्याला त्या लाकडी कपाटापुढे, त्याच गर्दीत, आपला नंबर लागेपर्यंत ताटकळत उभे राहायचे होते. मला या बाबतीत जयपूर फूटची आठवण होते. रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो पाय घडवला तेव्हा परदेशी कृत्रिम पाय उपलब्ध होतेच; पण ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होते. आपल्या माणसाला उकिडवे बसायचे होते, अनवाणी चिखलात उतरायचे होते.

कामाला सुरुवात झाली ती २०२३ च्या उन्हाळ्यात. हँडल म्हणजे पोलादाची एक कांडी, वर गोळा. ती मधोमध एका खोबणीत डुलते. वरचे टोक डावीकडे झुकले की खालचे टोक उजवीकडे जाते आणि तिथला छोटा स्विच दाबते. असे चार दिशांना चार स्विच. सोडले की स्प्रिंग कांडीला उभी करते. गोळ्याच्या माथ्यावर बटण बसवायचे तर त्याच्या दोन तारा कांडीच्या पोटातून खाली आल्या पाहिजेत; म्हणजे कांडी पोकळ हवी. तसलीच दुसरी कांडी मिळवून मी नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत एका खरादवाल्या मिस्त्रींकडे गेलो आणि हिच्यात आरपार भोक पाडून द्या म्हणालो. दहा मिलिमीटरच्या कांडीत लांबच्या लांब भोक सरळ पडणे किती कठीण असते हे त्यांना ठाऊक. कांडी बोटांत फिरवत ते म्हणाले, “मास्तर, छेद कायकू मारते? पाईप लो ना!”

किती सरळ गोष्ट! मिस्त्रींनी जाड भिंतीची एक नळी काढली, बाहेरून दहा मिलिमीटर आणि आतून पाच. घरी येऊन मी कागदावर मांडून पाहिले. मधला अर्धा व्यास पोकळ केला तर कांडीचे वजन चौथ्या हिश्शाने घटते, परंतु वाकण्याला होणारा विरोध जेमतेम सहा टक्के कमी होतो. मधला भाग फुकटचा भार असतो. ताकद कडेला असते. बांबूला आणि गव्हाच्या काडीला हे पदार्थविज्ञान कुणी शिकवलेले नाही. वर्गात पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेले हे समीकरण हातात धरून पाहिल्यावर मला जो आनंद झाला तो मी कोणाला सांगू? पत्नीला सांगितला. ती म्हणाली, “चहा गार होतोय.”

गोळा सागाच्या तुकड्यातून नवा कातून घेतला, मूळच्यापेक्षा थोडा मोठा, माथ्याशी खळगा असलेला. आता त्यात बसवायचा स्विच. इथे मात्र पुष्कळ दिवस गेले. कांडी उभी असते तोवर अंगठ्याचा दाब सरळ खाली जातो, काही बिघडत नाही. ती झुकली की तोच दाब तिला आणखी एका बाजूला लोटतो. म्हणजे बटण जड असेल तर प्रत्येक गोळीबरोबर विमान हवे त्यापेक्षा पुढे सरकणार. आणि फार हलके असेल तर नुसता अंगठा टेकला तरी गोळ्या सुटणार. बाजारात मिळणारे तीन प्रकारचे छोटे स्विच आणले आणि कोणता किती भाराने दबतो हे पाहण्यासाठी नैवेद्याची छोटी वाटी त्यांच्यावर तोलून तिच्यात पाच रुपयांची जुनी जाड नाणी एकेक टाकत गेलो. त्या नाण्याचे वजन बरोबर नऊ ग्रॅम. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या वजनांइतकेच विश्वासू. पहिला स्विच वाटीसकट अडीचशे ग्रॅमच्या पुढे दबला, तिसरा शंभराला. मधला दीडशेच्या किंचित पुढे. तो घेतला.

मग तारेचा प्रश्न. कांडी दिवसात हजार वेळा हलणार. तार तितक्याच वेळा वाकणार. साधी तांब्याची तार वाकवून वाकवून आपण हातानेच तोडतो, तेच इथे व्हायचे. यावर तोड सांगितली ती वजिराबादेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांनी खोक्यातून जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची गुंडाळीची दोरी काढली, कापली, आणि आतली तार मला दाखवली. ती तार नव्हतीच! सुताच्या धाग्याभोवती धातूची अतिशय पातळ फीत गुंडाळलेली. म्हणजे आमच्या पैठणीच्या काठातली जर! पदर कितीही घड्या घातला तरी जर मोडत नाही, ती याचसाठी. धातू नावाला, वाकणे सोसतो तो धागा. तेवढ्याचसाठी टेलिफोनवाल्यांनीही तीच युक्ती धरली होती. तिला डाग देता येत नाही, उष्णतेने आतले सूत जळते. म्हणून टोकाला पितळी टिकली चिमटून बसवावी लागते. गृहस्थांनी ते काम भिंगाखाली धरून करून दिले आणि पैसे घेतले नाहीत. कशासाठी आहे म्हणून मात्र त्यांनी विचारले, आणि मी सांगितल्यावर दोन दोऱ्या आणखी दिल्या. “एक तुटेल कधीतरी. जवळ असू द्या.”

आणखी एक खोड होती. कांडी खोबणीत स्वतःभोवतीही फिरते, आणि खेळणाऱ्याचे मनगट नकळत ती फिरवत राहते. पोहऱ्याच्या दोराला पडावा तसा पीळ तारेला पडत जाणार. मिस्त्रींनी नळीच्या अंगावर एक उभी चीर पाडली आणि तीत सैल खिळा अडकवला. कांडी आता चहूकडे झुकते पण गरगर फिरत नाही. खाली तारेला वेटोळ्याची थोडी सैलता ठेवली. झाले.

भाऊबीजेला मी गेलो तो ही सामग्री वर्तमानपत्रात गुंडाळून. एस.टी.च्या कंडक्टरने माझ्या पिशवीतून डोकावणारी नळी, गोळा आणि लोंबणाऱ्या तारा पाहिल्या आणि अहमदपूर येईपर्यंत तो माझ्यावर नजर ठेवून होता. शेवटी मीच ती काढून त्याला दाखवली. त्याने अंगठ्याने बटण दोनदा दाबून पाहिले, ‘ठीक आहे’ म्हणाला आणि शिट्टी वाजवली. बहिणीने ओवाळले आणि तबकात पुडके पाहून म्हणाली, “दादा, ओवाळणीत पाईप?”

हँडल बसवायला दाजींना नि मला दीड तास लागला. तारांची जोडणी तर इतकी साधी की सांगायलाही संकोच वाटतो. यंत्रातला प्रत्येक स्विच एवढेच करतो, की आपली तार समाईक तारेला टेकवतो. गोळ्यावरच्या बटणाच्या दोन तारा उजवीकडच्या जुन्या बटणाच्याच दोन टोकांना नेऊन जोडल्या. एकाच दिव्याला दोन दारांशी दोन बटणे असावीत तसे. जुने बटण जागच्या जागी राहिले. दोन हातांनी खेळणाऱ्याचे काहीही गेले नाही. बोर्डाला कोणत्या बटणाने गोळी सुटली हे कळतसुद्धा नाही.

हे कळत नाही, यावरूनच मग भांडण झाले. सर्वांत धाकटी पुतणी, वय वर्षे दहा, कमरेवर हात ठेवून म्हणाली की त्याच्याकडे आता बटणे दोन झाली आणि हे चीटिंग आहे. मला तिचा आक्षेप फार आवडला. तीन दिवाळ्यांत भाच्यावर असा आरोप कोणी केला नव्हता. तिला म्हटले, तू वापर की ते बटण, कुणी अडवले आहे? तिने दोन डाव अंगठ्याने खेळून पाहिले आणि पुन्हा आपल्या बटणाकडे गेली. खरी गोष्ट अशी आहे की बोटाने जितक्या भरभर टिचकी मारता येते तितकी हँडल धरलेल्या हाताच्या अंगठ्याने येत नाही, आणि नेमही थोडा ढळतोच. दीडशे ग्रॅम म्हणजे शून्य ग्रॅम नव्हे. ज्याला दोन हात आहेत त्याने दोनच वापरावेत.

भाचा पहिल्या दिवशी सपाटून हरला. गोळी मारताना त्याचे विमान घसरे आणि किडा येऊन आदळे. सबंध संध्याकाळ तो हरत होता आणि तोंडातून शब्द काढत नव्हता. मला थोडी काळजी वाटली. मी बहिणीकडे पाहिले, तिने मानेनेच ‘थांब’ म्हटले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्याने धरण्याची पद्धतच बदललेली. कांडी बोटांत न धरता त्याने गोळा तळव्यात घेतला होता, करंगळीची कड फळीला टेकली होती, आणि अंगठा वरून येण्याऐवजी कडेने येत होता. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मला तर सुचलेही नसते. मी हँडल केले होते ते माझ्या हाताचा अंदाज घेऊन. त्या रात्री तो थोरल्या चुलत भावाशी खेळला. तो भाऊ नांदेडला अभियांत्रिकीला आहे, लहानपणापासून या यंत्रावर पोसलेला. सात डाव झाले. सहा भावाने जिंकले, आणि ते जिंकताना तो घामाघूम झाला होता. सातवा भाच्याने घेतला. भावाने फळीवर जोरात हात आपटला आणि एक शिवी हासडली. घरात वडीलधारे बसलेले असल्याने त्याला सर्वांनी झापले. भाच्याच्या चेहऱ्यावर मात्र असे समाधान होते, की ती शिवी त्याला बक्षीस मिळाली असावी.

वृद्ध गृहस्थांनी सांगितले होते तशी तार २०२४ च्या दिवाळीत तुटली. दुसरी दोरी होती. भाच्याने आपल्या हाताने, दातांनी मदत घेत, ती बसवली.

आता त्याची नवी मागणी आली आहे. त्या बोर्डात मुस्तफा नावाने आपल्याकडे गाजलेला खेळही आहे. त्याचे खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. त्यात बटणे दोन, एक मारायचे आणि एक उडी घ्यायचे; आणि दोन्ही एकदम दाबली की गडी गिरकी घेऊन भोवतालच्या सगळ्यांना लोळवतो. म्हणजे एका अंगठ्याखाली दोन बटणे हवीत, वेगवेगळी दबणारी आणि हवी तेव्हा बरोबरही दबणारी. भाच्याने चित्र काढून पाठवले. ते घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बराच वेळ ते उलटसुलट पाहिले.

“दो बटन का मतलब तार तीन,” ते म्हणाले. “पाईप मोटा लगेगा, गोला भी बडा. बच्चे के पकड में आएगा क्या? पहले हाथ का माप मंगाओ.”

मी लातूरला फोन केला. संध्याकाळी मोबाईलवर फोटो आला. वहीच्या कागदावर त्याचा डावा पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली आहे, ती बहुधा धाकट्या पुतणीने, कारण रेघ अंगठ्यापाशी घाईने वळली आहे. आणि माप नीट कळावे म्हणून शेजारी पाच रुपयांचे जुने जाड नाणे ठेवले आहे.